वार्धक्यातील भाषिक आकलन आणि स्मृती

वार्धक्यातील भाषिक आकलन आणि स्मृती हा बोधनिक मानसशास्त्र, भाषाविज्ञान आणि वृद्धवैद्यक या तीन शाखांना जोडणारा अभ्यासविषय आहे. वय वाढत असताना ऐकलेले किंवा वाचलेले समजून घेणे, ते लक्षात ठेवणे आणि हवा तो शब्द वेळेवर आठवणे या क्रियांत कोणते बदल होतात, याचा विचार या विषयात केला जातो. हे बदल सर्व क्षमतांत सारखे नसतात. माहिती हाताळण्याचा वेग, एकाच वेळी अनेक गोष्टी मनात धरून ठेवण्याची क्षमता आणि विशेषनामे आठवण्याची तत्परता ही वयानुसार कमी होते. शब्दसंग्रह, व्यवहारज्ञान आणि ऐकलेल्या गोष्टीचा आशय पकडण्याची क्षमता मात्र निरोगी व्यक्तीत दीर्घकाळ टिकून राहते. त्यामुळे "साठी बुद्धी नाठी" या म्हणीत व्यक्त झालेली समजूत संशोधनाच्या कसोटीवर उतरत नाही.

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत या विषयाला ऐतिहासिक व भाषिक परिमाण आहे. येथील सर्वांत वयोवृद्ध पिढीचे बालपण हैदराबाद संस्थानात गेले. त्या पिढीची शिक्षणाची भाषा, शिक्षणाची संधी आणि बोली ही पुढील पिढ्यांपेक्षा वेगळी होती. वृद्ध व्यक्तीला एखादी गोष्ट "समजत नाही" किंवा "आठवत नाही" असे ठरवताना वयाचा परिणाम, भाषेतील अंतर आणि आजार या तीन कारणांत फरक करणे आवश्यक ठरते.

स्मृतीचे प्रकार आणि वय

स्मृती ही एकसंध शक्ती नाही. एंडेल टल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये प्रासंगिक स्मृती आणि अर्थविषयक स्मृती असा भेद मांडला. "काल बाजारात कोण भेटले" ही प्रासंगिक स्मृती होय. "ज्वारी रब्बीत कधी पेरतात" हे ज्ञान अर्थविषयक स्मृतीत मोडते. वयाचा परिणाम प्रासंगिक स्मृतीवर अधिक होतो. घटना आठवली तरी ती कोठे, केव्हा किंवा कोणाकडून कळली हा तपशील निसटतो. अर्थविषयक स्मृती साठीनंतरही बरीच स्थिर असते.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेली कार्यकारी स्मृतीची संकल्पना भाषिक आकलनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ऐकलेला मजकूर काही क्षण धरून ठेवून त्याच वेळी त्यावर विचार करणे हे या स्मृतीचे काम असते. तोंडी हिशेब करणे किंवा लांब वाक्याचा शेवट येईपर्यंत त्याचा आरंभ मनात ठेवणे ही तिची उदाहरणे आहेत. वार्धक्यात ही क्षमता आकुंचित होते. याउलट दळणे, पेरणे, विणणे, पोहणे यांसारखी कौशल्यस्मृती वयाने फारशी बाधित होत नाही.

वारंवार उच्चाराने पक्के झालेले पाठांतरही दीर्घकाळ टिकते. मराठी ग्रामीण समाजात अक्षरओळख नसलेल्या अनेक वृद्ध स्त्री-पुरुषांना हरिपाठ, अभंग, आरत्या आणि जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत असतात. गी प्वाटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून संकलित झालेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. लय, यमक, ठरलेली शब्दरचना आणि हाताच्या हालचालीची साथ यांमुळे असा मजकूर आठवण्यास सुलभ होतो.

भाषिक आकलनातील बदल

श्रवण

आकलनातील पहिला अडथळा अनेकदा मेंदूत नसून कानात असतो. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात उच्च कंप्रतेचे ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात. बोलण्यातील स्वर नीच कंप्रतेचे असल्याने ते ऐकू येतात. स, श, त, थ, क, ख, फ यांसारख्या व्यंजनांतील फरक मात्र पुसट होतो. मराठीत "पाट" आणि "पाठ" किंवा "साल" आणि "शाल" या जोड्यांतील भेद एकाच व्यंजनावर अवलंबून असतो. म्हणूनच वृद्ध व्यक्ती "ऐकू येते, पण कळत नाही" अशी तक्रार करते.

अस्पष्ट ऐकलेला शब्द ओळखण्यासाठी मनाला जादा श्रम पडतात आणि ते श्रम लक्षात ठेवण्याच्या कामातून वजा होतात. लग्नमंडप, आठवडी बाजार, बसस्थानक किंवा दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग अशा गोंगाटाच्या जागी ही अडचण वाढते. परिणामी श्रवणदोष असलेली व्यक्ती विसरभोळी भासू शकते.

वाक्यरचना

सुटे शब्द आणि सोपी वाक्ये समजण्यात वयामुळे विशेष फरक पडत नाही. अडचण येते ती लांब आणि गुंतागुंतीच्या वाक्यांत. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते आणि नकारही बहुधा तेथेच असतो. "ज्या लाभार्थ्यांनी मागील वर्षी हयातीचा दाखला सादर केला होता, परंतु ज्यांचे बँक खाते आधार क्रमांकाशी जोडलेले नाही, त्यांना अनुदान अनुज्ञेय राहणार नाही" या वाक्यात दोन अटी मनात धरल्यानंतर शेवटच्या शब्दाला निष्कर्ष हाती येतो. हाच आशय "बँक खाते आधारशी जोडा. नाहीतर पैसे मिळणार नाहीत. मागच्या वर्षी दाखला दिला असला तरी हे करावे लागेल" असा तीन वाक्यांत सांगितल्यास कार्यकारी स्मृतीवरील भार कमी होतो. माहिती तीच राहते. ती धरून ठेवण्याचे ओझे उतरते.

आशय

ट्युन व्हान डाइक आणि वॉल्टर किंच यांनी १९८३ मध्ये मजकुराच्या आकलनाचे तीन स्तर सांगितले : नेमके शब्द, त्या शब्दांतून व्यक्त झालेली विधाने आणि मजकुरातील परिस्थितीचे मनात उभे राहिलेले चित्र. वृद्ध व्यक्ती पहिल्या दोन स्तरांवर तरुणांपेक्षा कमी आठवतात. तिसऱ्या स्तरावर मात्र हे अंतर बरेच कमी होते किंवा उरत नाही. कीर्तन ऐकून आलेल्या वृद्धाला निरूपणातील वाक्ये जशीच्या तशी सांगता येणार नाहीत, पण दृष्टान्ताचे तात्पर्य तो नेमके सांगू शकतो. विषय परिचयाचा असल्यास पूर्वज्ञान या कामी मोठी मदत करते.

शब्द आठवणे

"अगदी जिभेवर आहे, पण आठवत नाही" ही अवस्था सर्व वयांत येते. वार्धक्यात तिचे प्रमाण वाढते आणि ती व्यक्तींच्या व गावांच्या नावांबाबत अधिक जाणवते. डेबोरा बर्क, डोनाल्ड मॅके आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार शब्दाचा अर्थ शाबूत असतो. अर्थाकडून ध्वनिरूपाकडे जाणारा दुवा क्षीण झालेला असतो. विशेषनामाला अशा दुव्यांचे जाळे कमी असल्याने ते आधी अडते. पहिले अक्षर सुचवले असता शब्द बहुधा आठवतो. हा बदल प्रामुख्याने बोलण्यात दिसतो; तोच शब्द दुसऱ्याने उच्चारल्यास वृद्ध व्यक्तीला तो तत्काळ कळतो.

प्रमुख सिद्धान्त

रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांनी बुद्धिमत्तेचे प्रवाही आणि स्फटिक असे दोन प्रकार मानले. नवीन समस्या सोडवण्याची प्रवाही बुद्धिमत्ता प्रौढ वयात उतरणीला लागते, तर अनुभवातून साचलेली स्फटिक बुद्धिमत्ता उतारवयापर्यंत टिकते. टिमोथी सॉल्टहाउस यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार वेग मंदावणे हे अनेक बदलांचे मूळ आहे. आधीच्या पायरीचे फलित पुढची पायरी पूर्ण होण्यापूर्वीच विरून जाते. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स यांनी १९८८ मध्ये अनावश्यक माहिती बाजूला सारण्याची क्षमता कमी होते यावर भर दिला. हे सिद्धान्त परस्परविरोधी नसून एकाच प्रक्रियेच्या वेगवेगळ्या अंगांवर प्रकाश टाकतात.

के. वॉर्नर शाई यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या सिएटल येथील दीर्घकालीन अभ्यासाने एक पद्धतीविषयक धडा दिला. एकाच वेळी तरुण आणि वृद्ध यांची तुलना केली असता घट मोठी दिसते. त्याच व्यक्तींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला असता ती बरीच कमी आणि उशिरा आढळते. पहिल्या प्रकारच्या तुलनेत वयाबरोबरच दोन पिढ्यांच्या शिक्षणातील फरकही मोजला जातो. ज्या प्रदेशात दोन पिढ्यांमध्ये शिक्षणाची भाषाच बदलली, तेथे हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो.

नांदेड व लातूर : भाषिक पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.६ लाख आणि लातूर जिल्ह्याची सुमारे २४.५ लाख होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. लातूर जिल्हा १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला.

संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. माध्यमिक शिक्षणाचे माध्यमही मुख्यत्वे उर्दू होते आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जात असे. त्या काळात शाळेत गेलेल्या मराठी भाषकांपैकी अनेकांची घरची भाषा मराठी आणि पुस्तकाची भाषा उर्दू होती. शाळेपर्यंत न पोचलेल्यांची, विशेषतः स्त्रियांची, संख्या मोठी होती. १९४८ पूर्वी शाळेत शिकलेली व्यक्ती आज ऐंशीच्या पुढे आहे. अशी व्यक्ती देवनागरी मजकूर सावकाश वाचत असेल, तर त्याचे कारण केवळ वय असेलच असे नाही.

सीमावर्ती स्थानामुळे या जिल्ह्यांत बहुभाषिकताही रुजलेली आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद आणि किनवट या भागांत तेलुगूचा, तर उदगीर, देवणी आणि निलंगा परिसरात कन्नडचा संपर्क आहे. दखनी-उर्दू, बंजारा समाजाची गोरमाटी, किनवट-माहूर पट्ट्यातील गोंडी व कोलामी आणि तख्त सचखंड हुजूर साहिबमुळे नांदेड शहरात पंजाबी याही भाषा आढळतात. मराठीचे बोलरूपही प्रमाणभाषेपेक्षा भिन्न आहे. "काय करायलास?", "मी जायलो" यांसारखी क्रियारूपे येथे सहज वापरली जातात. शासकीय पत्रातील "उपरोक्त", "अनुज्ञेय", "तद्नंतर" हे शब्द या बोलीत वाढलेल्या वृद्धाला अपरिचित असतात, तर "दरखास्त" किंवा "मिसल" हे संस्थानकालीन शब्द त्याच्या नातवाला अपरिचित असतात. दोघांच्या शब्दसंग्रहात आशय आहे, पण तो वेगळ्या काळातील आहे.

द्विभाषिकता आणि स्मृतिभ्रंश

जुन्या संस्थानाची राजधानी असलेल्या हैदराबाद शहरातील निजाम आयुर्विज्ञान संस्थेत सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या रुग्णांपैकी ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. त्यांच्यात आजाराची लक्षणे एकभाषिकांच्या तुलनेत सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे आढळले. हा फरक निरक्षर रुग्णांतही दिसून आल्याने तो केवळ शिक्षणामुळे आहे असे म्हणता येत नाही. दोनपेक्षा अधिक भाषा येण्याचा अतिरिक्त लाभ मात्र आढळला नाही.

या निष्कर्षाचे स्पष्टीकरण बोधनिक राखीव क्षमतेच्या संकल्पनेने दिले जाते. दोन भाषांपैकी एक आवरून दुसरी वापरण्याच्या नित्य सरावामुळे मेंदू हानीला अधिक काळ तोंड देऊ शकतो, असे त्यात मानले जाते. या मतावर अभ्यासकांत एकवाक्यता नाही. निरोगी व्यक्तींचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या काही अभ्यासांत असा लाभ दिसलेला नाही. शिवाय द्विभाषिकता आजार टाळते असे या संशोधनातून सिद्ध होत नाही. लक्षणे लांबणीवर पडतात एवढाच त्याचा दावा आहे.

स्मृतिभ्रंश बळावल्यावर काही बहुभाषिक व्यक्ती नंतर शिकलेली भाषा सोडून बालपणीच्या भाषेकडे वळतात. आयुष्यभर बाजारात मराठी बोललेली बंजारा स्त्री गोरमाटीत किंवा देगलूरचा वृद्ध तेलुगूत उत्तर देऊ लागल्यास त्याला असंबद्ध बडबड न समजता त्या भाषेच्या जाणकाराकडून संवाद साधणे आवश्यक असते.

घटनांची स्मृती

वृद्धांना पौगंडावस्था आणि तारुण्य यांतील, म्हणजे साधारण १० ते ३० या वयातील आठवणी तुलनेने अधिक प्रमाणात आठवतात. १९५५ च्या सुमारास जन्मलेल्या पिढीच्या बाबतीत १९७२ चा दुष्काळ याच काळात येतो. दुष्काळी कामांवरची खडी, सुकडी आणि मिलो ज्वारी यांचे तपशील ही पिढी विनासायास सांगते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारी भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त झाली आणि हजारो लोक मृत्युमुखी पडले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी असल्याने गणेशविसर्जनाची रात्र आणि भूकंपाची पहाट या आठवणी एकमेकींशी जोडल्या गेल्या आहेत. अशा आकस्मिक आणि भावनिक घटनेच्या ठळक स्मृतीला रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक यांनी १९७७ मध्ये स्वतंत्र संज्ञा दिली. नंतरच्या संशोधनानुसार अशा आठवणींविषयीचा आत्मविश्वास टिकतो, पण तपशिलांची अचूकता इतर आठवणींप्रमाणेच घटत जाते.

जन्मनोंद नसलेल्या वृद्धांचे वयही अशाच घटनांवरून ठरवले जाते. "पोलीस ॲक्शनच्या वेळी मी गुरे राखत होतो" हे विधान दवाखान्यात वयाचा अंदाज बांधण्यास उपयोगी पडते. जुनी आठवण स्पष्ट असणे हे मात्र स्मृती निरोगी असल्याचे प्रमाण नव्हे; अल्झायमरच्या आजारात नव्या घटना आधी पुसल्या जातात आणि जुन्या दीर्घकाळ टिकतात.

चाचण्यांची मर्यादा

स्मृती तपासण्यासाठी जगभर वापरली जाणारी संक्षिप्त मानसिक स्थिती चाचणी मार्शल फोलस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये तयार केली. तीत वाक्य लिहिणे, सूचना वाचून कृती करणे, आकृती काढणे आणि शंभरातून सात वजा करत जाणे असे भाग आहेत. शाळेत न गेलेली निरोगी व्यक्तीही त्यांत कमी गुण मिळवते. ही अडचण ओळखून हरियाणातील बल्लभगढ येथील अभ्यासासाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर ग्रामीण वृद्धांना लागू पडेल अशी हिंदी चाचणी विकसित केली. तिचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुढे हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत चाचणीसंच प्रमाणित केला. त्या पाचांत मराठीचा समावेश नव्हता.

चाचणीचे भाषांतर पुरेसे नसते. "आज तारीख कोणती?" याचे उत्तर न देणारा शेतकरी तिथी, नक्षत्र किंवा बाजाराचा वार अचूक सांगू शकतो. "'क'पासून सुरू होणारे शब्द सांगा" हा प्रश्न अक्षरओळखीवर अवलंबून असतो. "धान्यांची नावे सांगा" हा प्रश्न तसा नसतो. आण्यांत, पायलीत आणि मणांत हिशेब शिकलेल्या व्यक्तीला तोंडी वजाबाकी अमूर्त अंकांपेक्षा पैशांच्या उदाहरणाने अधिक जमते. चाचणीबरोबरच घरच्यांकडून दैनंदिन व्यवहारातील बदलांची माहिती घेणे म्हणूनच महत्त्वाचे मानले जाते.

सामान्य वार्धक्य आणि आजार

भारतातील दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासाचा पहिला टप्पा २०१७-१८ मध्ये झाला. त्याच्याशी संलग्न संशोधनानुसार ६० वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असून रुग्णसंख्या सुमारे ८८ लाख आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. याचा दुसरा अर्थ असा की साठीनंतरच्या दर शंभरांपैकी नव्वदहून अधिक व्यक्तींना हा आजार नसतो.

नाव उशिरा आठवणे, चष्मा कोठे ठेवला हे विसरणे किंवा लांब सूचना पुन्हा विचारणे हे सामान्य वार्धक्यात मोडते. पुढील लक्षणे मात्र तपासणीची गरज दर्शवतात :

* तोच प्रश्न काही मिनिटांच्या अंतराने वारंवार विचारणे
* ओळखीच्या रस्त्यावर किंवा स्वतःच्या शेताच्या वाटेवर चुकणे
* नेहमीच्या वस्तूंची नावे आणि त्यांचा उपयोग दोन्ही विसरणे
* पैशांचे व्यवहार, स्वयंपाक किंवा औषधे सांभाळणे अशक्य होणे
* स्वभावात लक्षणीय बदल होणे

अशा बदलांना "म्हातारचळ" म्हणून सोडून दिल्यास उपचार लांबतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीची मंदगती, नैराश्य आणि काही झोपेच्या औषधांचा परिणाम यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. जंतुसंसर्ग किंवा शरीरातील पाणी कमी झाल्याने काही तासांत वा दिवसांत निर्माण होणारा गोंधळ हा वेगळा आणि तातडीचा आजार आहे. बोलणे किंवा समजणे अचानक बंद होणे हे पक्षाघाताचे लक्षण असू शकते. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येत असल्याने अशा वेळी रुग्णालयात त्वरित पोचणे निर्णायक ठरते.

प्रतिबंध आणि संवाद

लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाशी निगडित १४ टाळता येण्याजोगे घटक नोंदवले आहेत. ते सर्व दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांत आजार टळू किंवा लांबू शकेल, असा त्याचा अंदाज आहे. बालपणातील अपुरे शिक्षण, श्रवणदोष, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, शारीरिक निष्क्रियता आणि एकाकीपणा यांचा त्यांत समावेश आहे. बालपणातील शिक्षण मागे जाऊन देता येत नाही. मात्र श्रवणयंत्र, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि रक्तदाबाचे नियंत्रण हे उपाय उतारवयातही करता येतात.

वृद्धांशी बोलताना समोर बसून, चेहरा दिसेल अशा रीतीने, एका वाक्यात एकच गोष्ट सांगणे हितावह असते. ओरडल्याने आवाजाची पट्टी चढते आणि नेमके तेच ध्वनी ऐकणे अवघड होते. लहान मुलाशी बोलावे तसे लाडिक, कृत्रिम सुरात बोलल्याने आकलन सुधारत नाही आणि वृद्ध व्यक्ती दुखावते. औषधांची वेळ "दिवसातून दोनदा" अशी सांगण्याऐवजी "सकाळी न्याहारीनंतर आणि रात्री जेवणानंतर" अशी नित्यक्रमाशी जोडल्यास लक्षात राहते. सांगितलेले त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावल्यास गैरसमज लगेच उघड होतो.

नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही या दोन जिल्ह्यांतील प्रमुख शासकीय वैद्यकीय केंद्रे आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेलि-मानस सेवा उपलब्ध आहे.

हे सुद्धा पहा

* स्मृतिभ्रंश
* अल्झायमरचा आजार
* द्विभाषिकता
* मराठवाडा मुक्तिसंग्राम
* १९९३ चा लातूर भूकंप